हिब्रूला मराठी बोलायला लावणारा हेडमास्तर

१८३२ हे साल मराठी माणसाला ‘दर्पण’मुळे ठाऊक असतं. बाळशास्त्री जांभेकरांचं हे पत्र ६ जानेवारीला निघालं, म्हणून त्या तारखेला मराठवाड्यातल्या कड्या-आष्टीपासून मुंबईपर्यंत पत्रकार दिन साजरा होतो. त्याच साली मुंबईत आणखी एक पुस्तक निघालं होतं, त्याची आठवण मात्र कुणी काढत नाही. ते होतं हिब्रू भाषेचं व्याकरण, आणि तेही मराठीतून! लिहिलं होतं स्कॉटलंडहून आलेल्या पाद्री जॉन विल्सन यांनी. गिरगाव चौपाटीसमोरचं विल्सन कॉलेज त्यांच्याच नावाचं. गंमत म्हणजे दादोबा पांडुरंगांचं गाजलेलं मराठी व्याकरण छापून यायला तेव्हा अजून चार वर्षं होती.

मराठीतून हिब्रू शिकणार होतं कोण? मुंबईतली आणि कुलाबा जिल्ह्यातली, म्हणजे आजच्या रायगडमधली, बेने इस्राएल मंडळी. घरात मराठी, आडनावाला ‘कर’, अंगावर लुगडं-पगडी आणि धर्म यहुदी. याच समाजातून पुढे एक हाडाचा शिक्षक निघाला, जोसेफ इझिकेल राजपूरकर. जन्म १८३४, मृत्यू १९०५. हिब्रूतले वीसेक ग्रंथ त्यांनी मराठीत आणले. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या माणसाला मानाचं पान मिळायला हवं होतं. मिळालेलं नाही, म्हणून हा खटाटोप.

शनिवारी घाणा बंद

बेने इस्राएलांची परंपरा सांगते, की फार जुन्या काळी अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटलं. त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. त्यांच्यापासून हा समाज वाढला, कोकणात तेलाचे घाणे चालवू लागला. शनिवार हा यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी घाण्याला बैल जुंपायचा नाही. म्हणून गावानं नाव ठेवलं ‘शनिवार तेली’.

ग्रंथ हरवले, भाषा हरवली. पाठ राहिली ती ‘शमा’ ही एकच प्रार्थना. सुंता असो, लग्न असो, हीच म्हणायची. पुढे दाऊद रहाबी नावाचे गुरू आले, त्यांनी या लोकांना ओळखलं, शिकवलं आणि तीन घराण्यांतले तिघे निवडून त्यांच्यावर धर्मविधी सोपवले, अशी आठवण समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. त्या तिघांना ‘काजी’ म्हणत. घराणी होती झिराटकर, शापूरकर आणि राजपूरकर. आपल्या हेडमास्तरांचं आडनाव त्यातलंच.

मशीद बंदरजवळची ‘मशीद’

मुंबईतलं बेने इस्राएलांचं पहिलं प्रार्थनामंदिर १७९६ साली मांडवी भागात उभं राहिलं. बांधलं सामाजी हसाजी दिवेकरांनी, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अधिकारी होते. म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत पडले आणि जिवानिशी सुटले. त्या सुटकेचा नवस त्यांनी मंदिर बांधून फेडला, असं सांगतात. हा समाज आपल्या प्रार्थनामंदिराला ‘मशीद’च म्हणत आला. शेजारच्या मशीद स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं असं मानणारे मुंबईकर पुष्कळ आहेत. ज्या गल्लीत हे मंदिर आहे तिचं नाव सॅम्युएल स्ट्रीट.

पाद्र्यांनी पेरलं एक, उगवलं दुसरंच

विल्सनसाहेब १८२९ मध्ये मुंबईत उतरले. बायबलमधल्या इस्राएलांचे वंशज इथे मराठी बोलताना सापडले, याचं त्यांना केवढं अप्रूप! या लोकांना त्यांचेच मूळ ग्रंथ वाचता आले तर ती वाट ख्रिस्ताकडे जाईल, अशी मिशनऱ्यांची आशा होती. म्हणून शाळा निघाल्या, व्याकरण आलं, जुना करार मराठीत आला.

बेने इस्राएलांची मुलं शाळेत गेली, मन लावून शिकली. ख्रिस्ती मात्र अगदी मोजकी झाली. बाकीच्यांनी अक्षरओळख, व्याकरण आणि मराठी जुना करार सगळं पदरात पाडून घेतलं आणि आपल्या यहुदी धर्माचीच घडी नीट बसवली. कोचीनहून आलेल्या यहुदी शिक्षकांचा हातभार होताच. एकोणिसाव्या शतकात धर्मांतरावरून मुंबई-पुण्यात वादांचे किती धुरळे उडाले ते आपण वाचतो. या छोट्या समाजानं वादात न पडता पुस्तकं तेवढी उचलली. त्या शतकातला हा मला सर्वांत शहाणपणाचा व्यवहार वाटतो.

चाळीस वर्षं एकच शाळा

आता खुद्द हेडमास्तरांकडे वळू. बगदादहून आलेले व्यापारी डेव्हिड ससून यांनी मुंबईत यहुदी मुलांसाठी शाळा काढली होती, डेव्हिड ससून बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशन. जोसेफ इझिकेल १८५६ मध्ये तिथे शिक्षक म्हणून लागले, तेव्हा वय जेमतेम बावीस. थोड्याच वर्षांत मुख्याध्यापक झाले आणि चार दशकं त्याच खुर्चीवर राहिले. १८७१ मध्ये मुंबई विद्यापीठानं त्यांना हिब्रूचे परीक्षक नेमलं. एके काळी तेली म्हणून ओळखल्या गेलेल्या समाजातला माणूस विद्यापीठात हिब्रूचे पेपर तपासू लागला, हे त्या काळात लहान काम नव्हतं.

दिवसा शाळा, वर्षानुवर्षं. त्याच्याच जोडीला भाषांतराचं काम. रोजच्या प्रार्थना, सणासुदीच्या प्रार्थना, उपासाच्या दिवसांचे पाठ, असा त्यांचा पसारा. ज्या समाजाला एके काळी एकच प्रार्थना येत होती, त्याच्या हातात आता अर्थासह अख्खी प्रार्थनापुस्तकं पडली.

या कामातली अडचण नुसती शब्दांची नव्हती. हिब्रू उजवीकडून डावीकडे चालते, मराठी डावीकडून उजवीकडे. हिब्रूची बावीस अक्षरं व्यंजनांची. स्वर दाखवायचे तर अक्षराच्या खाली, वर, पोटात ठिपके आणि रेघा द्याव्या लागतात. प्रार्थनेत एक ठिपका चुकला तर उच्चार चुकतो. त्यामुळे पुस्तक हिब्रू पद्धतीनं उजवीकडून उघडायचं, मूळ पाठ ठिपक्यांसकट बिनचूक द्यायचा आणि त्याच्या जोडीला बाळबोध मराठी अशा बेतानं बसवायची, की प्रार्थना चालू असताना म्हाताऱ्या माणसाचं बोट नेमकं त्याच ओळीवर पडावं. असं पान जुळवणं हे पंडिताचं जेवढं, तेवढंच शिक्षकाचं काम. मुलाचं बोट कुठे अडतं हे शिक्षकालाच कळतं.

बेने इस्राएलांच्या घरातल्या बायकांचा विचार करा. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी प्रार्थना कानांनी ऐकली, ‘आमेन’ म्हटलं, अर्थ मात्र त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता. तो मराठीत छापून त्यांच्यापुढे ठेवणं, ही मला राजपूरकरांची सर्वांत मोठी कमाई वाटते.

दगडावर लिहिलेलं पुस्तक

राजपूरकरांच्या आधीही या वाटेवर पावलं पडली होती. १८४६ मध्ये मुंबईत हिब्रू-मराठी ‘हग्गादा’ शिळाछापावर निघाली. हग्गादा म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री घरोघर वाचायची पोथी. मिसरच्या गुलामीतून इस्राएल लोक कसे सुटले, त्याची गोष्ट तिच्यात असते. त्या रात्री घरातलं धाकटं पोर प्रश्न विचारतं, ‘आजची रात्र वेगळी का?’ आणि थोरांनी त्याला सगळं सांगायचं असतं. पोराला उत्तर कळायचं तर ते त्याच्या बोलीत हवंच!

शिळाछाप होता म्हणून हे जमलं. शिशाचे खिळे जुळवायचे तर हिब्रूचा आणि मराठीचा, असे दोन वेगळे संच हवेत. शिळाछापात तेलकट शाईनं लिहिलेला मजकूर दगडावर उतरवायचा, दगड ओला करायचा, शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या जागी शाई धरत नाही, अक्षरावर धरते. मग कागद दाबला की पान तयार. सुबक अक्षराचा एक लेखनिक असला की दोन्ही लिप्या एका पानावर गुण्यागोविंदानं नांदतात. गणपत कृष्णाजींनी आपला मुंबईतला छापखाना शिळाप्रेसवरच सुरू केला होता.

१८७४ मध्ये पुण्यात आणखी एक हग्गादा छापली गेली, ती सचित्र. त्यातलं एक चित्र पाहिलं की जीव सुखावतो. सणाच्या बेखमीर पोळ्या करणाऱ्या बायका दाखवल्या आहेत आणि त्या लुगडी नेसलेल्या, मराठी घरातल्यासारख्या जमिनीवर बसलेल्या! कथा मिसरची, पाठ हिब्रू, छापखाना पुण्याचा, बैठक आपल्या स्वयंपाकघरातली. कोणत्याही जागतिक प्रदर्शनात ठेवावं असं हे मराठी पुस्तक आहे.

तिकडे युरोपात आणि जेरुसलेमात

याच काळात हिब्रू जगात काय चाललं होतं? अव्राहाम मापू यांची ‘अहावत सियोन’ ही हिब्रूतली पहिली कादंबरी मानली जाते. ती आली १८५३ मध्ये, विल्नाहून. बाबा पद्मनजींची ‘यमुनापर्यटन’, जिला मराठीतली पहिली कादंबरी म्हणतात, आली १८५७ मध्ये. एक भाषा दोन हजार वर्षांहून जुनी, दुसरी हजारेक वर्षांची. कादंबरी दोघींना चार वर्षांच्या अंतरानं गवसली.

बोलभाषा म्हणून हिब्रू पुन्हा उभी करणारे एलिएझर बेन येहुदा १८८१ मध्ये पॅलेस्टाइनला पोचले. आपल्या मुलाच्या कानावर हिब्रूखेरीज दुसरी भाषा पडू द्यायची नाही, असा त्यांचा हट्ट. ते जहाजातून उतरले तेव्हा आपल्या मुंबई विद्यापीठात राजपूरकर परीक्षक होऊन दहा वर्षं उलटली होती. दोघांची कामं वेगळी होती. बेन येहुदांना हिब्रू रस्त्यावर, बाजारात, मुलांच्या भांडणात आणायची होती. राजपूरकरांना ती मराठी माणसाच्या घरात अर्थासह पोचवायची होती.

जेरुसलेमचे प्रवासी लेखक याकोब सफीर यांनी हिंदुस्थानात फिरून बेने इस्राएलांची नोंद आपल्या हिब्रू प्रवासग्रंथात केली. त्याचा पहिला भाग १८६६ मध्ये छापला गेला. म्हणजे किहीम-रेवदंड्याकडच्या माणसांबद्दल युरोपातले यहुदी हिब्रूत वाचत होते, त्याच दशकात मुंबईत राजपूरकर हिब्रू शिकवत होते.

झटपट काही

मुंबईत १८५५ ते १८६६ या काळात एक साप्ताहिक निघत असे. लिपी हिब्रू, भाषा अरबी. वाचक बगदादी यहुदी.

बेने इस्राएलांच्या सणांची जुनी नावं ऐका. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, शिळा सण, बिरड्याचा रोजा. पुरीमला ‘होळीचा सण’ आणि वल्हांडणाला ‘अनशी ढाकायचा सण’. या दिवसांत आंबटाची बरणी आठ दिवस झाकून ठेवायची, त्यावरून ते नाव.

नवस फेडायचा तर मलिदा. पोहे, गूळ, खोबरं, फळं ताटात मांडून एलिया संदेष्ट्याच्या नावानं प्रार्थना. एलियाचा रथ अलिबागजवळच्या खंडाळ्याला उतरला, तिथल्या खडकावर चाकोऱ्या उमटल्या, अशी श्रद्धा आहे.

१८८० च्या सुमाराला या समाजानं कीर्तन सुरू केलं. हो, आपलंच कीर्तन! पूर्वरंग-उत्तररंगाची घडण आपली. आख्यान मात्र अब्राहामाचं, योसेफाचं, मोशेचं, एस्तेर राणीचं. साकी-दिंडीच्या चालीवर दाविदाची गोष्ट ऐकायला काय बहार येत असेल!

पहिला बोलपट ‘आलम आरा’, १९३१. लेखक जोसेफ डेव्हिड पेणकर, बेने इस्राएल.

मुंबईचे १९३७ चे महापौर डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर. महालक्ष्मी-वरळीकडचा ई. मोझेस रोड त्यांच्या नावाचा. हेडमास्तरांचंच आडनाव शहराच्या प्रथम नागरिकाच्या खुर्चीपर्यंत गेलं.

अलिबागेत आजही इस्रायल आळी आहे. पुण्यात डेव्हिड ससूनचं विटांचं प्रार्थनामंदिर १८६७ चं. पुणेकर त्याला लाल देऊळ म्हणतात.

चाळीस वर्षं कपाटात

राजपूरकरांचे समकालीन हाईम सॅम्युएल किहीमकर. त्यांनी १८७५ मध्ये मुंबईत बेने इस्राएल मुलांसाठी शाळा काढायला पुढाकार घेतला. तीच पुढे सर एली कदुरी शाळा झाली. सणांची वर नावं दिली, त्यांची तपशीलवार नोंदही याच गृहस्थांनी करून ठेवली. समाजाचा सगळा इतिहास त्यांनी १८९७ मध्ये लिहून संपवला. तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवमध्ये. किहीमकर तोवर हयात नव्हते. चाळीस वर्षं हस्तलिखित कुणीतरी जिवापाड सांभाळलं म्हणून आज आपल्याला हे सगळं माहीत आहे. एखाद्या पावसाळ्यात वाळवी लागली असती तर?

कड्याच्या गाडीनं केडगावला

आता हिब्रू-मराठीचीच, पण आपल्या कडा-आष्टी भागाच्या वाटेवरची एक गोष्ट. २३ सप्टेंबर २०२२ ला नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली आणि कड्याला गाडी थांबू लागली. ही गाडी नगरला नेते. नगरहून दौंड, आणि दौंडच्या पुढे पुण्याच्या वाटेवर केडगाव. नगरचं उपनगर केडगाव वेगळं, हे दौंड तालुक्यातलं. इथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे.

रमाबाई संस्कृतच्या पंडिता. कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘सरस्वती’ पदवी दिली होती. ख्रिस्ती झाल्यावर त्यांना असं दिसलं, की मराठी बायबलची भाषा खेड्यातल्या बाईला पेलत नाही, फार संस्कृतप्रचुर आहे. म्हणून त्यांनी नवं भाषांतर करायचं ठरवलं, आणि ते इंग्रजीवरून करणं त्यांना पटेना. मूळ भाषांतूनच हवं! चाळिशी उलटलेल्या या बाईनं त्यासाठी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास मांडला. जी आयुष्यभर संस्कृत जगली, तिनं साध्या मराठीसाठी हिब्रू शिकावी, याहून मोठं भाषाप्रेम मला ठाऊक नाही.

छापखाना मिशनातच. खिळे जुळवणाऱ्या, पानं छापणाऱ्या तिथल्याच मुली आणि बायका. दुष्काळानं आणि वैधव्यानं देशोधडीला लागलेल्या. मूळ भाषांतलं बायबल मराठीत आणणारी बाई, छापणाऱ्या बायका, आणि ज्यांच्यासाठी छापायचं त्याही बायकाच. हे काम वर्षानुवर्षं चाललं. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. पूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं.

एक योगायोग नोंदवून ठेवण्यासारखा आहे. हिब्रूचा पुनरुद्धार करणारे बेन येहुदा यांचा जन्म १८५८ चा, मृत्यू १९२२ चा. केडगावात हिब्रूवरून मराठी करणाऱ्या रमाबाईंचीही जन्म-मृत्यूची सालं हीच.

राजपूरकर यहुदी, रमाबाई ख्रिस्ती. धर्म वेगळे, हेतू वेगळे. पण मूळ हिब्रू पुढ्यात घेऊन साध्या माणसाला कळेल अशी मराठी लिहायची, हा ध्यास एकच. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी गद्यावर संस्कृतचा आणि इंग्रजीचा ठसा आहे हे आपण शाळेत शिकतो. त्यात हिब्रूचंही घर आहे, हे पाठ्यपुस्तकात यायला हवं.

आता कुठे आहेत ते?

१९४८ नंतर बहुतेक बेने इस्राएल कुटुंबं इस्रायलला गेली. मराठी सोबत नेली. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक तिथे निघालं, कीर्तनं होतात, मलिदा होतो. तिथे त्यांच्या नातवंडांना हिब्रू आईच्या दुधाबरोबर मिळते. आजीची मराठी मात्र आवर्जून शिकवावी लागते. राजपूरकरांच्या वेळी नेमकं उलट होतं.

मागे राहिली ती पुस्तकं. शिळाछापावरच्या पोथ्या, राजपूरकरांची प्रार्थनापुस्तकं, कीर्तनाच्या चोपड्या. काही परदेशी ग्रंथालयांत जपून ठेवल्या आहेत, लिलावांत त्यांना चांगली किंमत येते. काही अजून कोकणात, मुंबई-पुण्यात जुन्या पेट्यांत पडून असतील. बेने इस्राएल माणसं रेल्वेत, पोस्टात, फौजेत, इस्पितळांत नोकऱ्या करत गावोगाव फिरली, तेव्हा एखादं पुस्तक आपल्या मराठवाड्यातल्या रद्दीच्या दुकानातही निघू शकतं.

तेव्हा वाचकांना एक कळकळीची विनंती. उजवीकडून उघडणारं, एका बाजूला ठिपक्यांची चौकोनी अक्षरं आणि जोडीला बाळबोध मराठी असलेलं जुनं पुस्तक हाती लागलं, तर ते किलोवर विकू नका. पहिल्या आणि शेवटच्या पानांचे मोबाईलवर स्वच्छ फोटो काढा, पुस्तक कोरड्या जागी सुती कापडात गुंडाळून ठेवा, आणि जवळच्या कॉलेजच्या ग्रंथपालांना किंवा विद्यापीठाच्या मराठी विभागाला कळवा.